गोगीवर राज्य

माझी नणंद म्हणजे अतिशय हळू बाई, हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती मान डोलावते. तीसुद्धा हळूच. जेवायला बसली की आमची ताटं धुऊन वाळतात तरी हिची भाजी अर्धी. चप्पल घालायला दारात बसली की मागच्यानं खुशाल दुसरं काम काढावं. आणि मी पडले तडतडी. लोकांचे कपडे शिवते, मशीनवर बसले की सगळ्या गल्लीला कळतं. माझ्या वाट्याला नेमकी अशी नणंद यावी!

तिच्या थोरल्या भावानं, म्हणजे आमच्या यांनी, लहानपणीच तिला गोगलगाय ठरवलं. त्याची झाली गोगी. आता तिच्या कचेरीतले लोकही तिला गोगीताई म्हणतात. आणि ही गोगी पोटापाण्यासाठी काय करते, तर संगणकाचे प्रोग्राम जलद करते. एखादा प्रोग्राम रेंगाळायला लागला, कुणाच्या बापाला कारण सापडेना, की तो हिच्याकडे येतो. ही त्यात उतरते आणि त्याला पळायला लावते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, भाऊबहीण मिळून माझी फिरकी घेताहेत.

घरात फिरकी घेण्याचं खातं यांच्याकडेच होतं. यांचं सलून आहे, दोन खुर्च्यांचं, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. मधे नुसता पडदा. केस कापायला लोक येत, आणि डोक्यावर एक केस नसलेलेही येत. बाकावर बसून यांचं बोलणं ऐकत. यांचा सगळ्यांत लाडका किस्सा गोगीचा. "लहानपणी आम्ही लपाछपी खेळायचो," हे सांगायचे, "हिच्यावर राज्य आलं की आम्ही सगळे लपायचो." मग कात्री हवेत थांबायची. हे आरशातून एकेकाकडे बघायचे. पडद्याआडून मी ओरडायची, "अहो, सांगून टाका की एकदाचं!" आणि मग हे अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणायचे, "मग घरी जाऊन जेवून यायचो." शंभरदा ऐकलेली माणसंही बाक वाजवून हसायची. गोगी समोर असली तर ती सगळ्यांच्या नंतर हसायची.

मग यांच्या घशात गाठ निघाली. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काढण्याआधी इस्पितळातल्या एका बंद खोलीत यांच्याकडून पानंच्या पानं वाचून घेतली, आवाज साठवून ठेवायला. वाचून झाल्यावर हे तिथल्या बाईंना म्हणाले, "नीट ठेवा हं, परत न्यायला येईन." त्यांच्या स्वतःच्या गळ्यातून मी ऐकलेला तो शेवटचा विनोद.

आवाज परत आला तो एका डबीतून. गळ्याला मऊ पट्टा बांधायचा आणि नेहमीसारखे ओठ हलवायचे. जबड्याचे, मानेचे स्नायू कसे हलतात ते पट्टा टिपतो, खिशातली डबी त्यावरून शब्द ओळखते आणि यांच्याच आवाजात बोलते. पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा माझ्या हातातला कपडा खाली पडला. आवाज अगदी यांचा होता. फक्त तो उशिरा यायचा. हे बोलून मोकळे व्हायचे, समोरचा पुढचा विषय काढायचा, आणि मग खिशातून मागचं उत्तर निघायचं.

त्यात एक दिवस किराणावाले दाढीला बसले होते. त्यांनी विचारलं, "ते कोपऱ्यावरचं गटार साफ केलं का हो कुणी?" हे बोलले. डबी गप्प. किराणावाल्यांना कुठला दम! त्यांनी लगेच पुढचं विचारलं, "आणि आमच्या पोराचं नवं दुकान बघितलंत का?" तेवढ्यात डबी म्हणाली, "छे, तसंच तुंबलंय. नाक दाबून जावं लागतं."

बाक खो खो हसला. किराणावाले अर्ध्या दाढीनं उठले आणि गालावरचा फेस तसाच घेऊन चालते झाले. हे मागून ओठ हलवत होते, हात हलवत होते. ते रस्त्यावर पोचले तेव्हा डबी रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "अहो, गटाराचं बोललो मी."

मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण हे हसले नाहीत. त्यांनी पट्टा सोडला, डबीसकट जुन्या वस्तऱ्यांच्या खणात टाकला आणि खण लावला. त्या दिवसापासून दुकान मानेवर चाललं. मान हलवून हो, मान हलवून नाही. हळूहळू बाक रिकामा पडायला लागला. मुक्याशेजारी बसून लोक तरी काय करणार, ते मोबाईलमध्ये तोंड घालून बसत आणि केस झाले की जात. आवाज जाणार हे मला माहीत होतं, त्याची मी तयारी केली होती. माणूस असा आतून दार लावून बसेल, याची नव्हती केली. मला फार भीती वाटायला लागली.

मी गोगीला बोलावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, खणातून डबी काढली आणि यांना विचारलं, "दादा, मी बघू?" यांनी खांदे उडवले. डबी बनवणारी मंडळी भली होती. दोनचार हुशार पोरं एका खोलीत बसून हे काम करतात. गोगीनं कळवल्यावर त्यांनी आपला सगळा प्रोग्राम तिच्या हवाली केला, वर आभारही मानले.

मग सुट्टीच्या दिवशी ही माझ्या शिवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप मांडून बसायला लागली. मी मशीन चालवायची, ही लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसायची. नुसती बघायची. मी दोन झबली संपवली तरी हिनं एक अक्षर बदललेलं नसायचं.

"अगं, काही करणार आहेस की नुसती टक लावून बसणार?"

"मोजतेय वहिनी. वेळ कुठे जातो ते आधी कळू दे."

"डबी हळू आहे, तिथे जातो."

"हळू कुठे आहे?" तिनं शांतपणे विचारलं. मी मशीन जोरात चालवलं.

पुढे मला थोडं थोडं कळायला लागलं. पट्ट्याकडून आलेली माहिती डबीत एका जागेवरून दुसऱ्या, दुसऱ्या जागेवरून तिसऱ्या जागी नुसती उतरवून घेतली जात होती. काही न करता. ते तिनं बंद केलं. मग म्हणाली, प्रोसेसरच्या अगदी हाताशी एक छोटी जागा असते आणि लांब एक मोठी. लागणारे आकडे लांब विखरून पडले होते, दर वेळी तिथवर जाऊन आणावे लागत होते. "म्हणजे सुई मशीनच्या खणात आणि दोरा माळ्यावर," मी म्हटलं. "आणि दर टाक्याला माळ्यावर चढायचं," ती म्हणाली. मला त्या प्रोग्रामची चीडच आली. तिला कधी चीड येत नाही. तिनं ते आकडे ज्या क्रमानं लागतात त्याच क्रमानं शेजारी शेजारी लावून ठेवले.

मग ती आणखी खाली उतरली. माणसं प्रोग्राम आपल्याला कळेल अशा भाषेत लिहितात, पुढे त्याच्या यंत्राला कळणाऱ्या आज्ञा होतात. त्या आज्ञा सहसा कुणी वाचायला जात नाही. गोगी वाचते. एकेक ओळ, बोट ठेवून, घास चावावा तशी. जिथे यंत्र एकेका आकड्याचा गुणाकार करत होतं, तिथे एका दमात मूठभर आकडे गुणता येतात हे तिला दिसलं. त्या ओळी तिनं स्वतःच्या हातानं नव्यानं लिहिल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही हळू आहे ती यासाठी. जिच्या हातून एकही फुकटची हालचाल होत नाही, तिला फुकटची हालचाल दिसते. मी दिवसभर धावते, पण त्यातलं अर्धं धावणं कात्री कुठे ठेवली ते शोधण्यात जातं.

सगळ्यात शेवटी तिला आणखी एक गोष्ट सापडली. माणूस गप्प असतो तेव्हाही डबी त्या गप्प क्षणांवर तेवढंच गणित करत होती. गोगीनं ते क्षण गाळून टाकले. "रिकामं कशाला वाहून न्यायचं?" ती म्हणाली, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

तिनं यांच्या गळ्याला पट्टा बांधला. हे माझ्याकडे वळले, ओठ हलले, आणि ओठांबरोबरच आवाज आला, "चहा मिळेल का, की शिवायला टाकलास?" मी रडले. गोगी लॅपटॉपकडे बघून आकडे बरोबर आहेत का ते तपासत होती, पण तिचेही डोळे भरले होते.

आता सगळं सुरळीत होणार, असं मी धरून चालले. दुकानात बातमी पोचली, बाक भरला. किराणावालेही आले, जरा फुगून का होईना. यांनी कात्री उचलली आणि आपला हुकमी किस्सा काढला. मी पडद्याआड कान देऊन उभी राहिले. डबी घडाघड बोलली, "लहानपणी आम्ही लपाछपी खेळायचो हिच्यावर राज्य आलं की आम्ही सगळे लपायचो मग घरी जाऊन जेवून यायचो."

कुणी हसलं नाही. एकजण, "हो, लहानपण छानच असतं," म्हणाला. यांनी दुसरा किस्सा सांगितला, तोही असाच आपटला. लोक चांगले होते, त्यांनी ओढूनताणून दात दाखवले, आणि ते तर फारच वाईट झालं.

दुपारी दुकान मिटल्यावर यांनी पट्टा सोडला. मला यांचे ओठ वाचता येतात. हे म्हणाले, "उगाच डबीला दोष दिला. मीच संपलोय." आणि खण उघडायला गेले. मी तो पट्टा त्यांच्या हातातून हिसकावून घेतला आणि तशीच गोगीच्या घरी गेले.

गोगी जेवत होती, अर्थात. मी तिच्यावर तोफ डागली. "कसला जलद केलास? नुसता वरवंटा फिरवलाय! किस्सा असा सांगतात होय? हे कसे सांगायचे आठव!" आणि रागाच्या भरात मी तिच्यासमोर यांची नक्कल करायला लागले. हात वर धरला, कात्री धरल्यासारखा. "हिच्यावर राज्य आलं की आम्ही सगळे लपायचो..." मी आरशात बघितल्यासारखं एकेका भांड्याकडे बघितलं. "मग घरी जाऊन जेवून यायचो."

गोगीचा घास हातातच राहिला. "वहिनी, परत सांग."

मी परत सांगितलं.

"मध्ये तू थांबलीस."

"मी कुठली थांबतेय? हे थांबायचे. जीव खायचे माझा!"

गोगीनं तो घास परत ताटात ठेवला. म्हणाली, "ते मी गाळलं. मला वाटलं, रिकामं आहे." तिचा चेहरा मला बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ताट अर्धं टाकून उठताना बघितलं.

दुरुस्ती फार मोठी नव्हती म्हणे. मधलं थांबणं गाळल्यामुळे डबी लांबलचक बोलणं साठवून शेवटी एका दमात सोडत होती. गप्प क्षणांवर गणित करायचं नाही हे तसंच ठेवलं, पण ते किती लांब होते एवढा एक आकडा शब्दांच्या मध्ये ठेवून दिला. डबीनं बोलताना तेवढंच थांबायचं. वेगात काहीही फरक पडला नाही. अवघड होतं ते यांना पुन्हा पट्टा बांधायला लावणं. हे मानच वळवेनात. शेवटी गोगी यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, "दादा, चूक माझी होती. तू संपला नाहीस. एकदा माझ्यासाठी बांध." यांनी तिच्याकडे बघितलं, मग गळा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी बाकावर दोघेतिघेच होते. खुर्चीत किराणावाले. गोगी दाराशी उभी, रजा काढून आलेली. किराणावाल्यांनीच विषय काढला, "डबी एवढी जलद केली कुणी?"

यांनी कात्रीनं दाराकडे खूण केली. "ही माझी बहीण. लहानपणी आम्ही लपाछपी खेळायचो. हिच्यावर राज्य आलं की आम्ही सगळे लपायचो."

कात्री हवेत थांबली. हे आरशातून बघायला लागले, किराणावाल्यांकडे, बाकाकडे, मग गोगीकडे. डबीतून चकार शब्द नाही. मी पडदा धरून उभी होते आणि मी ओरडले नाही. बाकावरच्या म्हाताऱ्यानं पुढचं वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं, त्याचे ओठही हलायला लागले.

हे म्हणाले, "या वेळी सापडलो."

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. मग किराणावाल्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि बाक हसायला लागला, मीही हसले आणि पडद्यालाच डोळे पुसले. गोगी गंभीर चेहऱ्यानं उभी होती. सगळ्यांचं हसून झालं, हे पुन्हा केस कापायला लागले, आणि मग ती हसली.