पाचवी वही

अल्गोत फ्रीडलुंड गायला उभा राहिला की आधी डाव्या बुटाची नाडी सैल करायचा. खर्ज पायातून येतो, असं त्याचं म्हणणं. साखरेचा खडा दातांत धरून कॉफी प्यायचा, तीही बशीतून. पेन्सिल टोपीच्या अस्तरात खोचलेली. कुणाच्या घरी गेला की यजमानाशी हात मिळवण्याआधी कपाटाचं दार उघडून बिजागरी ऐकायचा. बोटांवर पॉलिशचा तपकिरी रंग. तो रंग रविवारीही जायचा नाही. कुणाशी तंटा झाला की दुसऱ्या दिवशी त्या माणसाची गाण्याची वही नव्याने लिहून द्यायचा. माफी मागायची दुसरी रीत त्याला येत नसे.

दिवसभर शिकागोकडच्या रॉकफर्ड गावातल्या फर्निचर कारखान्यात कपाटं चकाकवायची आणि गुरुवारी संध्याकाळी सातव्या रस्त्यावरच्या हॉलमध्ये गायचं, असा त्याचा आठवडा. स्वीडनहून येऊन इथे राहिलेल्यांच्या त्या गायक मंडळात अठ्ठावीस पुरुष. चार आवाज, प्रत्येक आवाजाची वेगळी वही. त्या सगळ्या वह्या अल्गोतच्या हातच्या. बायका हॉलमागच्या स्वयंपाकघरात. त्यांच्याकडे कॉफी आणि वेलदोड्याचे पाव. अल्गोतची बायको तेक्ला तिथेच असायची. मधल्या खिडकीतून तिला फक्त त्याचे पाय दिसत.

मध्यग्रीष्माच्या सणाला सगळी मंडळी नदीकाठी जेवायला गेली होती. पोरं झाडीत शिरली आणि परतेनात. बापांनी ओरडून घसे बसवले. तेव्हा तेक्लाने खारवलेल्या माशांची बशी खाली ठेवली, उंचवट्यावर गेली आणि हाक दिली. स्वीडनमधल्या डालार्नाच्या डोंगरकुरणात ती चौदा वर्षांची असताना गाईंना द्यायची तशी. उंच, धारदार, मध्येच वळणारी.

पोरं आली. पलीकडच्या शेतातल्या दोन गाईही आल्या.

अल्गोत काट्याला लावलेला बटाटा हातात धरून उभाच.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू गाय नव्हतास."

लग्नाला वीस वर्षं झाली होती. तो स्वीडनच्या दुसऱ्या भागातला, स्मोलांडचा. त्याच्या गावी गाईंना बादली वाजवून बोलावत.

तो सगळा हिवाळा त्याने त्या हाकेचं गाणं करण्यात घालवला. चार आवाजांचं. आयुष्यात दुसऱ्यांची गाणी शेकड्यांनी उतरवली, स्वतःचं हे पहिलंच. जूनमध्ये शिकागोला साऱ्या स्वीडिश गायक मंडळांचा मेळावा होता. तिथे ते गायलं जावं, एवढंच त्याला हवं होतं. तसं त्याने कुणाला सांगितलं नाही. पण मार्चपासून त्याने कपाटांची दारं उघडणं सोडलं होतं, आणि तेक्लाला ओळखायला तेवढं पुरे होतं.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी वह्या वाटल्या गेल्या. खालचे आवाज लागले. हॉलची जमीन गुणगुणायला लागली. मग वरची ओळ आली. वेर्नर हॅगमनने, मंडळातल्या सर्वांत उंच गळ्याच्या माणसाने, मान वर केली, आणि त्याचा आवाज कोंबड्यासारखा फाटला.

"अल्गोत," वेर्नर म्हणाला, "हे माणसांसाठी लिहिलंस की गाईंसाठी?"

"गाईंसाठीच."

हशा झाला. चूक उघड होती. त्याने बाईची हाक ऐकली तशी, त्याच उंचीवर, पुरुषांच्या वहीत उतरवली होती. पेन्सिल हातात असेपर्यंत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पट्टी चार घरं खाली आणू," मास्तर सेलांदर म्हणाले. ते मंडळाला शिकवत.

त्यांनी तसं म्हणून पाहिलं. सगळे नीट गायले.

"मास्तर, हे रविवारच्या प्रार्थनेसारखं झालं," अल्गोत म्हणाला. "या हाकेला गाय येणार नाही."

"तर मग पुढच्या गुरुवारपर्यंत तोड काढा. नाहीतर हे गाणं गळलं. शुक्रवारी यादी शिकागोला जायची आहे."

खिडकीतून तेक्लाने पाहिलं. अल्गोत खाली वाकला आणि डाव्या बुटाची नाडी बांधायला लागला. गाणी अजून दोन बाकी होती.

घरी जाताना तो झपाझप पुढे चालला. तीच बोलली.

"माझ्याकडे बघू नकोस. ते गुराखिणीचं काम. मी ते सोडून इकडे आले."

"मी कुठे बघतोय?"

"आणि तुमचा नियम आहे. मंचावर पुरुषच."

"हो. मंचावर."

कोपऱ्यावर ती थांबली. "तशीही ती हाक जवळून द्यायची नसतेच," ती म्हणाली. "समोर उभं राहून काय द्यायची? लांबून द्यायची."

अल्गोतने टोपीतून पेन्सिल काढली आणि परत खोचली.

पुढच्या गुरुवारी अल्गोतने तेक्लाला पुढे आणून, वरची ओळ ती मंचाबाहेरून म्हणेल असं सांगितलं, तेव्हा मास्तरांनी नियमांचं पुस्तक उघडून दोनदा वाचलं. "यात जिन्याचा उल्लेख नाही," ते म्हणाले. चष्मा पुसला. "गॅलरीचाही नाही. बाई, एक विचारू? कोणी पाहिलं तर चालेल?"

"नाही चालणार."

"मग जिनाच बरा."

शिकागोच्या सभागृहात दोन हजार माणसं होती. तेक्ला गॅलरीमागच्या जिन्यात, हॅट काढून, कठड्याला धरून उभी. खालून खर्ज वर चढत आला. त्यात अल्गोतचा कोणता, ते तिला कळत होतं. तिने डोळे मिटले आणि हाक दिली.

वहीतली नव्हे. तिची. कुरणातल्या गाईंची नावं एकेक करून आली, आणि प्रत्येकीसाठी ती थांबली, जशी तेव्हा थांबायची. तिची हाक संपेपर्यंत खालच्या आवाजांनी एकच सूर धरून ठेवायचा होता. ती संपेना. मंचावर खर्जवाले आळीपाळीने श्वास घेऊ लागले. एक चोरून घेई, तोवर दुसरा धरून ठेवी. ही युक्ती अल्गोतनेच त्यांना शिकवलेली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि मागे वळून वर पाहू लागला. मग दुसरा. टाळ्या झाल्या त्या बऱ्याच उशिरा.

अल्गोत जिना चढून आला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद होता आणि नाडी लोळत होती.

"किती वेळ लावलास, बाई."

"गाय लांब होती."

त्यानंतर इतर मंडळांची पत्रं येऊ लागली. मिनिॲपोलिसहून, मोलीनहून. आम्हालाही ते गाणं पाठवा. अल्गोतने चार वह्या भराभर लिहिल्या. पाचवी अडली. पाचवी तेक्लाच्या हाकेची. दर रविवारी तो तिला अंगणात उभी करायचा, लिहायचा, खोडायचा.

"मागच्या वेळी इथे वळलीस. आज नाही वळलीस."

"मागच्या वेळी वारा होता."

"वारा कसा लिहू?"

"मला काय विचारतोस? लिहिणारा तू."

शेजारीण कुंपणाशी येऊन ऐकायची. तिच्या कोंबड्याही.

पुढच्या मार्चमध्ये वूस्टरच्या मंडळाचं पत्र आलं. त्यांच्याकडे डालार्नाची एक बाई आहे, जिन्यात उभी राहायला तयार आहे, गाणं लवकर पाठवा. अल्गोतने ते दोनदा मोठ्याने वाचलं. सोमवारी नवा कागद आणला. बुधवारी कारखान्यातून आला, कॉफी प्यायला, बूट काढायला खाली वाकला आणि तसाच राहिला. चोपन्न वर्षांचा होता. डावी नाडी सुटलेली होती, उजवी बांधलेली.

गुरुवारी मंडळ नेहमीच्या वेळी जमलं. कोणी गायलं नाही. वेर्नर एकेक वही उघडून पाहत बसला. त्याच्या स्वतःच्या वहीत उंच ओळ नाजूकपणे खोडलेली होती, आणि बाजूला लिहिलं होतं: वेर्नर, माफ कर.

अल्गोतच्या घरी टेबलावर वूस्टरसाठी चार वह्या दोऱ्याने बांधून ठेवलेल्या आहेत. पाचवीत नाव आहे, रेघा आखलेल्या आहेत, पहिल्या दोन हाका आहेत. पुढे रिकामं. तळाशी पेन्सिलीने बारीक अक्षरांत: रविवारी तेक्लाला विचारणे, तिसऱ्या गाईआधी किती थांबते.