रस्त्यावरचा चोथा

तोई काकूच्या हातची पळी डोक्यात बसली नाही, असा माणूस आमच्या भट्टीगल्लीत शोधून सापडायचा नाही. दक्षिण चीनमधल्या फोशानचा उन्हाळा, त्यात मातीची भांडी भाजणाऱ्या भट्ट्यांची धग! भट्टीवरची माणसं बाहेर पडली की थेट तिच्या पितळी हंड्यासमोर येऊन उभी राहायची. वाळलेली शेवंती, बांबूची पानं, ज्येष्ठमध आणि आणखी कसली कसली कडू मुळं. वाडगाभर काढा पोटात गेला की आतली आग विझते, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कुणी चुकून म्हणालं, "काकू, चिमूटभर साखर?" की पळी आलीच.

"साखर हवी तर सासरी जा, मेल्या! पी गुमान!"

ती मुळात अशी नव्हती. तिचा नवरा भट्टीतून बाहेर आला आणि कोसळला. हातपाय गार लागले म्हणून लोकांनी त्याला थंडी भरली असं ठरवलं, रजया घातल्या, आल्याचं पाणी पाजलं. ती बाजारातून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून बाई जी चवताळली ती चवताळलीच.

तिचं खरं वैर होतं समोरच्या मोक खाटकाशी, आणि तेही चोथ्यावरून. गल्लीतल्या आजाऱ्यांची औषधंही तीच उकळून द्यायची. आजाऱ्याचं औषध उकळून झालं की मडक्यातला चोथा रस्त्यावर टाकायचा, येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो तुडवायचा आणि रोग आपल्या पायांवर घेऊन घरापासून लांब न्यायचा, ही आमची जुनी रीत. मोकचं म्हणणं, माझ्याच उंबऱ्यासमोर का?

"रस्ता काय तुझ्या बापाचा?" तोई विचारायची.

"एक दिवस हात तोडीन तुझा!" तो म्हणायचा. गल्ली हसायची. दोघांचं रोजचंच होतं ते.

त्या दुपारी मात्र कुणी हसलं नाही. मोक सुरा घेऊनच आला आणि त्यानं लाथेनं हंडा उलथवला. उकळता काढा तोईच्या पोटऱ्यांवर सांडला, कातडी सोलून निघाली.

"चेटकिणी! माझी लिन सकाळी अनवाणी तुझ्या चोथ्यात खेळत होती. आता आडवी पडलीय. पोर खाल्लीस माझी!"

तोई कळवळली, पण ओरडली नाही. "काय होतंय तिला?"

"हातपाय बर्फासारखे झालेत. रजई घातली, आलं पाजलं, तरी डोळे उघडत नाही!"

रजई आणि आलं! तोईच्या डोळ्यांपुढे नवराच उभा राहिला. ती तशीच, भाजल्या पायांनी, रस्ता ओलांडून धावली. मोकनं तिला उंबऱ्यात गाठलं, केस धरले आणि डोकं दाराच्या खांबावर आपटलं. भुवई फुटली. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली.

"आत पाऊल टाकलंस तर तुकडे करीन!"

"कर! पण आधी तिच्या पोटाला हात लाव, गाढवा! हात नको बघूस, पोट बघ!"

त्यानं सुरा उगारला. तिनं चौकट घट्ट धरली होती. सुरा चौकटीत रुतला, आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं उंबऱ्यात पडली.

मोक ती बोटं बघतच राहिला. तोईनं हात कमरेच्या फडक्यात गुंडाळला आणि ती आत शिरली. रजई भिरकावली. मोकला मानगुटीला धरून ओढलं, त्याचा पंजा पोरीच्या पोटावर दाबला. चटका बसावा तसा त्यानं तो मागं घेतला.

"आग आत दडलीय हिच्या! माझा माणूस असाच मारला तुम्ही लोकांनी. वारा घाल, खाटका! पाणी आण!"

तिनं रांजण उपडा केला पोरीवर. ओली फडकी मानेला, काखेत. मग चिनी मातीचा चमचा तेलात बुडवला, लिनला पालथी केलं आणि आतली आग बाहेर निघावी म्हणून पाठ खरवडायला घेतली. वरून खाली, वरून खाली. आधी लाल रेघा उमटल्या, मग काळ्यानिळ्या. तिच्या फडक्यातून रक्त ठिबकून त्या पाठीवर सांडत होतं. मोक पंखा हलवत लहान पोरासारखा हुंदके देत होता.

बराच वेळ काहीच नाही. मग पोरीनं किंकाळी फोडली.

"रड, माझी बाई, रड!" तोई म्हणाली आणि स्वतःच भोकाड पसरून रडली. नवरा गेला तेव्हाही ती रडली नव्हती.

लिन वाचली. लोक म्हणाले, पोलिसात जा. तोई म्हणाली, "त्याला कोंडून माझी बोटं उगवणार आहेत काय?" पण तिनं मोकला माफ केलं नाही. चोथा त्याच्याच उंबऱ्यासमोर टाकत राहिली. आणि रोज सकाळी, लिन उठायच्या आत, मोक खडावा काढून अनवाणी बाहेर येई आणि सगळा चोथा आपल्या पायांनी तुडवून काढी. मग रस्ता ओलांडून वाडगाभर कडू काढा पिई. साखर मागायची त्याची कधी हिंमत झाली नाही.

पुढे एका उन्हाळ्यात मोक तापानं फणफणला. औषध तोईनंच उकळलं, शिव्या घालत. चोथा रस्त्यावर टाकला तेव्हा लिन खडावा काढून बापासाठी पुढं झाली. तोईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"हो बाजूला. मेल्याला सुखासुखी मरू देते काय मी!"

आणि भाजल्याचे डाग असलेल्या पायांनी ती स्वतःच त्या चोथ्यावर उभी राहिली.