मीटरकाकांचं नऊ वॅटचं यंत्र

मीटरकाकांनी नोकरीची चौतीस वर्षं लोकांचे वीजमीटर वाचण्यात घालवली आणि त्याचा व्हायचा तो परिणाम झालाच. नवा माणूस भेटला की आपण त्याचा चेहरा बघतो. काका मनातल्या मनात त्याच्या घरी किती दिवे विनाकारण जळत असतील याचा हिशेब मांडत. स्वतःच्या घरात त्यांचा एकच कायदा होता. जो शेवटी बाहेर पडेल त्याने फ्रिज सोडून सगळी बटणं बंद करायची. टीव्हीचा बारीकसा लाल दिवासुद्धा दिवसभर फुकट खातो, असं ते म्हणत. आणि 'फुकट खातो' हे इतक्या तळमळीने म्हणत की घरी आलेले पाहुणे हातातलं बिस्किट खाली ठेवत.

त्यांची बायको हॉस्पिटलात नर्स होती. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणे. लग्नानंतरची दोन वर्षं सिस्टरनी या कायद्यावर वाद घातला, मग नाद सोडला. पुढे तर हाताला असं वळण लागलं की उजव्या हाताने पर्स सावरत असताना डावा हात आपसूक भिंतीवरून फिरे. खट, खट, खट, खट. चार बटणं, चार वेळा.

अशा घरात चोवीस तास चालू राहणारं यंत्र येईल, असं कुणी सांगितलं असतं तर काकांनीच त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. पण सिस्टरची एक मालिका होती. अकरा वर्षं चाललेली. काका तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत आणि 'कसला हा पोरखेळ' म्हणून नाक मुरडत. ही मालिका आता संपणार होती आणि नेमक्या त्या महिन्यात सिस्टरची ड्यूटी दुपारी बारा ते आठ लागली. शेवटचा भाग शुक्रवारी, संध्याकाळी सहा ते सात. त्या दिवशीच्या रजेसाठी वॉर्डातल्या पाचही जणींनी चिठ्ठ्या टाकल्या आणि सिस्टर हरल्या. त्या वाहिनीची तऱ्हा अशी, की एकदा दाखवलं म्हणजे दाखवलं. पुन्हा नाही, फोनवर नाही, कुठेच नाही.

"अहो, तेवढा भाग कसा तरी ठेवता येईल का?" सिस्टरनी विचारलं.

सिस्टरनी काकांकडे काही मागून बरीच वर्षं झाली होती. काकांच्या ते लक्षात आलं आणि जरा लागलंही.

"ठेवतो," ते म्हणाले. "शब्द दिला."

निवृत्त होताना त्यांनी ऑफिसच्या काउंटरवरचा एक मोडीत काढलेला कॉम्प्युटर मागून आणला होता. शब्दकोशाएवढा डबा, पंखा नाही, आवाज नाही, आणि बुद्धीही बेताचीच. आठवडाभर काका चष्मा कपाळावर ढकलून त्याच्याशी झटले. त्याला अँटेनाची वायर घेणारा एक चिमुकला ट्यूनर लावला, जुनी हार्ड डिस्क जोडली, दिलेल्या वेळी आपलं आपण रेकॉर्डिंग सुरू करायला शिकवलं. मग खरी परीक्षा. घरातलं बाकी सगळं बंद करून, फ्रिजसुद्धा, ते स्टूल घेऊन मीटरसमोर बसले. सहाशे फेऱ्यांना एक युनिट असा तो जुना चकतीचा मीटर. चकतीवरची काळी खूण एक फेरा घ्यायला अकरा मिनिटं लावत होती.

"नऊ वॅट!" काका ओरडले. "अगं, नऊ वॅट फक्त! याच्यापेक्षा तुझ्या मालिकेतली सासू जास्त जळते!"

सासू जळते हे यांना कसं माहीत, असा प्रश्न सिस्टरना पडला, पण त्यांनी तो विचारला नाही.

डब्यावरचा हिरवा दिवा मात्र काकांना बघवेना. त्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली. चालू असो वा बंद, डबा आता सारखाच दिसे. दहा दिवस रेकॉर्डिंग बिनचूक झालं. ते दहाही दिवस काका घरीच होते, ही गोष्ट मात्र कुणी ध्यानात घेतली नाही.

शुक्रवारी निवृत्तांच्या संघटनेची बैठक होती. काका अकराला बाहेर पडले, सिस्टर साडेअकराला. बैठकीत पंख्यांच्या वापरावर काकांनी तासभर भाषण केलं आणि सव्वासहाला खुशीत घरी परतले. सवयीने मीटरकडे नजर टाकली. चकती हलत नव्हती. ते थांबले. दोन मिनिटं गेली, काळी खूण जागच्या जागी. त्यांचा ऊर भरून आला. शून्य! उभ्या आयुष्यात त्यांनी एवढा सुंदर मीटर पाहिला नव्हता.

आणि मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. फ्रिज मध्येच विसावा घेतो, ते ठीक. पण डबा?

आत भिंतीवर चारही बटणं शिस्तीत वर होती. काकांनी डब्याचं चौथं बटण दाबलं. डब्याला जागं व्हायला दहा मिनिटं लागत. तोवर करायचं काय? त्यांनी डब्यातली अँटेनाची वायर उपसून टीव्हीला लावली. निदान जेवढं दिसेल तेवढं तिला सांगता येईल. पाकिटाच्या पाठीवर ते भराभर लिहू लागले. 'सासूला सगळं आठवलं. धाकटा दीर खरा निघाला. थोरली सून अजून गप्प.' लिहिता लिहिता ते केव्हा खुर्चीच्या काठावर आले, कळलं नाही. बोटीवर गेलेला थोरलीचा नवरा नऊ वर्षं बेपत्ता होता. सात वाजायला दहा मिनिटं असताना पडद्यावर दाराची घंटा वाजली. थोरली दाराकडे निघाली. कडीला हात लावला.

वायर एकच होती. डबा आता नक्की जागा झाला असणार.

"अरे देवा," काका म्हणाले आणि त्यांनी टीव्हीची वायर काढून डब्याला लावली. पडद्यावर मुंग्या आल्या. दारात कोण होतं, ते त्यांना दिसलं नाही. सात वाजेपर्यंत ते डब्याकडे बघत बसले.

साडेआठला सिस्टर आल्या. पर्स न ठेवताच म्हणाल्या, "झालं?"

"शेवटची दहा मिनिटं आहेत बहुतेक," काका म्हणाले. "आधीचं गेलं. लाइट गेली होती."

सिस्टर बघतच राहिल्या. या माणसाने विजेबद्दल कधी वाईट शब्द काढला नव्हता. अख्खी गल्ली अंधारात असताना 'लाइट गेली' म्हणणाऱ्याला काकांनी 'पुरवठा तात्पुरता थांबलाय' असं सुनावलं होतं.

"हो का," त्या म्हणाल्या. "मग जे गेलं ते सांगा."

काकांनी पाकीट काढलं. आधी नुसतं वाचलं, मग उठून उभे राहिले. सासू करताना कमरेत वाकले, धाकट्या दिराच्या वेळी छाती काढली, थोरलीच्या गप्पपणासाठी खिडकीच्या पडद्याआड जाऊन उभे राहिले. सिस्टर हसता हसता खुर्चीतून घसरल्या. मग दोघांनी डब्यातलं रेकॉर्डिंग लावलं. थोरलीने दार उघडलं. दारात नवरा!

"आला!" काकांनी टाळी वाजवली आणि चटकन पेपर उचलला.

पडद्यावरचा नवरा बुडालेल्या बोटीची हकिगत सांगू लागला.

"थापा मारतोय," सिस्टर म्हणाल्या. मग पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "लाइट गेली नव्हती ना?"

काकांनी पेपर आणखी वर धरला.

"बसमध्ये आठवलं मला. चारही बटणं मीच बंद केली. दिवसभर जिवाला चैन नव्हती. तुम्ही चिडाल असं वाटलं, आणि तुम्ही तर सगळं लाइटवर ढकललंत!"

"तुझ्यावर कसं ढकलू?" काका म्हणाले. "ते वळण मीच लावलंय."

पडद्यावर थोरलीने नवऱ्याला घरात घेतलं आणि मालिका संपली. सिस्टरनी डोळे पुसले, उठल्या, आणि झोपायला जाता जाता त्यांचा डावा हात भिंतीकडे गेला. खट, खट, खट.

"चौथं राहू दे," काका म्हणाले.

"अहो, पण मालिका संपली की. आता काय रेकॉर्ड करणार?"

काकांनी पेपराची नीट घडी घातली.

"सोमवारपासून त्याच वेळी नवीन सुरू होतेय," ते म्हणाले. "जाहिरात दाखवली होती मघाशी. सासू बरी वाटतेय."