हळदीच्या उजेडाची मोटार

आता कासारवाडीत रस्त्याकाठी उभं राहिलं की नुसती दिव्यांची रांग दिसते, आणि त्यातली कुठली गाडी कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. माझ्या सासूबाई, गोजाबाई, असत्या तर म्हणाल्या असत्या, "एवढी माणसं घर सोडून कुठं निघाल्यात गं?" आमच्यात सासूला आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामंजी. त्या दोघांची आणि त्यांच्या मोटारीची मला अजून रोज आठवण येते, बहुतेक करून दिवेलागणीला.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता. रस्त्यावर वर्दळ वाढू लागली होती. ते बघून मामंजींनी, म्हणजे आबाजींनी, बैलजोडी विकली, एक जुनी मोटार घेतली आणि चिंचवड ते शिवाजीनगर भाड्याने चालवायला सुरुवात केली. गावाने कौतुक केलं. आत्याबाई मात्र वर्षभर त्या मोटारीला शिवल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एकच होतं, आणि ते त्यांनी सगळ्या आळीला ऐकवलं होतं.

"बैल धन्याला झोपंतबी घरी आणतोय. ह्या डब्याला घर ठावं हाय का?"

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण त्यांच्या जिवाला खरोखरच घोर होता. संध्याकाळ झाली की त्या ओट्यावर येऊन उभ्या राहत. तिथून दापोडीकडून येणारा रस्ता दिसायचा. मोटारीचा आवाज ओळखणं त्यांना कधी जमलं नाही आणि दिवे तर सगळ्यांचे सारखेच. दोन दिवे दिसले की त्या आत ओरडत, "आले गं, तवा ठेव!" मामंजींना भाकरी तव्यावरून थेट ताटात लागायची. कौतुक त्यांचं आणि चटके माझे. मी तवा ठेवायची, भाकरी टाकायची, आणि बाहेरून लष्कराचा ट्रक धडधडत निघून जायचा. ती भाकरी मग कुत्र्याला. आत्याबाई पुन्हा खांबाला टेकून उभ्या. मामंजी अंगणात शिरेपर्यंत त्या पाण्याचा घोटही घेत नसत.

एका खंडेनवमीची गोष्ट. घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडायचा दिवस. आत्याबाई सकाळपासून ओट्याशी राख आणि चिंच घेऊन बसल्या होत्या. विळे झाले, कुऱ्हाड झाली, समई झाली. मामंजींच्या मोटारीचा डावा दिवा गेला होता, म्हणून त्यांनी पुण्याहून नवा बल्ब आणला होता. दसऱ्याला गाडी काणी नको, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दिव्याची कडी सोडवली, काच काढून बाजूला ठेवली आणि बल्बच्या मागची वाटी बाहेर काढली. ही वाटी आतून चकचकीत असते आणि तीच उजेड पुढे फेकते. पण आमची वाटी जुनी, जागोजागी काळवंडलेली. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून ते फाटकापर्यंत गेले.

आत्याबाईंनी ती वाटी बघितली. दिवा, आणि तोही काळा, आणि तोही खंडेनवमीला! वर्षभर मोटारीला न शिवलेल्या त्या बाईच्या मनात त्या दिवशी काय आलं कोण जाणे. बहुधा धन्याच्या दिव्याची माया आली. त्यांनी वाटी उचलली आणि चिंच, राख लावून अशी घासली, अशी घासली, की विचारू नका.

मामंजी परत आले आणि जागीच थांबले. वाटीवर चांदीचा पातळ मुलामा होता, तो पार निघून गेला होता. खालचं पितळ समईसारखं पिवळंधमक चमकत होतं.

"बघा, कशी लख्ख केली," आत्याबाई म्हणाल्या.

मी दाराआड उभी. आता हे काय बोलतील? वर्षाने पहिल्यांदा हात लावला होता हो त्यांनी. ओरडले असते तर पुन्हा जन्मात लावला नसता. मामंजींनी वाटी उलटीसुलटी करून बघितली, धोतराच्या सोग्याने पुसली, आणि म्हणाले, "लई झ्याक." बस्स. नवा बल्ब बसवला, काच लावली आणि दिवेलागणीला दिवे पेटवून बघितले. एक पांढरा आणि एक हळद लावल्यासारखा पिवळा. आत्याबाईंनी सवयीने दोन्हींना हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी भाकरी वाया गेली नाही. दापोडीकडून एक पांढरा, एक पिवळा दिवा दिसला की आत्याबाई खात्रीने हाक द्यायच्या आणि लगेच तांब्याभर पाणी पिऊन मोकळ्या व्हायच्या. "आता कळलं तिला घर," असं एकदा मोटारीकडे बघून म्हणाल्यासुद्धा.

पण लोक कुठले गप्प बसायला! स्टँडवर चेष्टा सुरू झाली की आबाच्या गाडीला कावीळ झाली. ती चेष्टा गावात आली, वाटी कुणी घासली तेही सगळ्यांना कळलं, आणि आत्याबाईंना उमगलं की आपण मोठा घोटाळा करून ठेवलाय. दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. मग मान खाली घालून मामंजींना म्हणाल्या, "बदलून टाका ती. माझ्यापायी तुमाला हसत्यात."

त्याच आठवड्यात, आम्हाला काही न सांगता, मामंजींनी पुण्यात नवी वाटी घेतली आणि तिथेच बसवली.

त्या संध्याकाळी आत्याबाई नेहमीसारख्या ओट्यावर. अंधार पडला. पांढरा-पिवळा दिसेना. तेवढ्यात दोन पांढरे दिवे रस्ता सोडून आमच्या बोळात वळले आणि थेट अंगणात आले. परकी मोटार, दिवेलागणीला, आमच्या दारात. अशी मोटार कशाची बातमी आणते हे सांगायला लागतं का? आत्याबाई खांब धरून खाली बसल्या. मी धावले. "इंदे," एवढंच म्हणाल्या, "बैलं इकाय नको हुती गं."

दार उघडून मामंजी उतरले, अगदी हसत हसत. "बघितलंस का? दोन्ही डोळं सारखं झालं!" म्हणत पुढे आले आणि आत्याबाईंचं तोंड बघून तिथेच थबकले. आत्याबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग पदर तोंडात धरून जे रडू लागल्या, ते काही केल्या थांबेनात. मामंजी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी सकाळची गार भाकरी खाल्ली.

सकाळी मी सडा टाकायला बाहेर आले तेव्हा दिव्याची कडी सुटलेली होती. मामंजी उकिडवे बसून घासलेली पितळी वाटी परत बसवत होते. नवी वाटी कागदात गुंडाळून बाजूला ठेवली होती.

"मामंजी, आणि लोक हसतील ते?" मी विचारलं.

"हसू देत की," ते म्हणाले. "लोक काय माजी वाट बघत उभं ऱ्हात्यात व्हय?"

त्या संध्याकाळी मी चुलीपुढे पीठ मळत होते. बाहेर आत्याबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. थोड्या वेळाने तांब्यातून घटाघट पाणी प्यायल्याचा आवाज आला, आणि मग त्यांची हाक.

"तवा ठेव गं, इंदे."