परातीतले बोल्ट

दादा गेला तेव्हा त्याच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं.

आदल्या दिवशी रविवार होता. नांदेडच्या त्याच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो दिवसभर गाडीखाली पडून होता. एसीचा कॉम्प्रेसर हिवाळाभर खरखर करत होता, तो शेवटी जाम झाला, आणि उन्हाळा तोंडावर आला होता. सिस्टीममधला गॅस त्याने आधीच दुकानात जाऊन काढून घेतला होता. रविवारी त्याने पट्टा उतरवला, दोन्ही नळ्या सोडवल्या, त्यांच्या तोंडांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि जुना कॉम्प्रेसर खाली काढून पोत्यावर ठेवला. नवा मागवलेला होता. तो येईपर्यंत काम थांबणार होतं. सोमवारी सकाळी दाढी करता करता तो खाली बसला, आणि मी लातूरहून पोचेपर्यंत त्याला अंगणात आणून निजवलं होतं. गाडीपासून चार हातांवर.

राख सावडून आम्ही परत आलो त्या दिवशी नवा कॉम्प्रेसर आला. कुरिअरवाल्याने फाटकातून दादाचं नाव घेतलं आणि ओटीपी मागितला. आतल्या खोलीत कपाटावर ठेवलेला दादाचा फोन वाजला. आम्ही सगळे ओलेत्याने उभे होतो, कुणी हललं नाही. मग वहिनी आत गेली, फोन घेऊन बाहेर आली आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. कुरिअरवाला म्हणाला, "साहेबांना सांगा, सही नाही लागत." खोकं जड होतं. मी ते नेऊन शेडमध्ये ठेवलं.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर कावळा शिवेना. पिंड मांडून झाले, भटजी बाजूला सरकले, आम्ही हात जोडून लांब उभे राहिलो. कावळे होते. पलीकडच्या पायऱ्यांवर बसून ते आमच्याकडे बघत होते, पण एकही खाली उतरत नव्हता. मुखेडकडच्या आमच्या गावाहून चुलते आले होते. दादाला त्यांनी खांद्यावर खेळवलेलं. ते म्हणाले, "बोला की रे कायतरी. त्याचा जीव कशात अडकून राहिलाय ते बघा."

दादाची मुलगी पुण्याहून आली होती. ती म्हणाली, "बाबा, आईला मी सांभाळते." कावळे बसून होते. मी म्हणालो, "वहिनीला काही कमी पडू देणार नाही." चुलत्यांनी गावाकडच्या जमिनीचं नाव घेतलं, बांध कुणी कोरणार नाही म्हणाले. काही नाही. ऊन चढत होतं. पायाखालची फरशी भाजायला लागली. मी इतिहास शिकवणारा माणूस. अशा प्रथा कुठून आल्या हे वर्गात शांतपणे सांगतो. तरी त्या पायऱ्यांवरून माझी नजर हटत नव्हती. तेवढ्यात मला ते उघडं बॉनेट आठवलं. मी हात जोडून मोठ्याने म्हणालो, "दादा, तुझ्या गाडीचा कॉम्प्रेसर मी बसवीन."

एक कावळा आला. उडाला आणि सरळ पिंडावर येऊन बसला.

कुणीतरी मागे हुंदका दिला आणि कुणीतरी हसलंही. चुलते कपाळाला हात लावून म्हणाले, "मेल्यावरबी मेकॅनिकीच डोक्यात हाय लेकराच्या." परतताना मी म्हणालो की चांगलं गॅरेज बघून गाडी तिथं देऊ. ते मध्येच थांबले. "न्हाई. शब्द तू दिलास. हात तुझा लागला पायजे. त्यानं कधी गाडी दुसऱ्याच्या हातात दिली व्हती का?"

दिली नव्हती. आणि मी आयुष्यात पाना धरला नव्हता.

वहिनी घाटावर आली नव्हती. तिला हे घरी कळलं. तिने सगळ्यांची जेवणं उरकू दिली आणि मग मला एकट्याला विचारलं, "माझं नाव घेतलं तेव्हा नाही आला म्हणे?"

मी म्हणालो, "वहिनी, कावळा आहे तो. भूक लागली तेव्हा आला."

"कावळ्याला काय कळायलंय," ती म्हणाली. "पण एसीचं नाव काढल्यावर आला ना?"



उन्हाळ्याची सुट्टी लागली तसा मी नांदेडला जाऊन राहिलो. गाडीवर दादाची जुनी चादर घातलेली होती. ती उचलली तर खाली सगळं त्याने ठेवलं तसंच होतं. पुढची चाकं त्याने स्वतः ठोकलेल्या लाकडी उतरणीवर चढवलेली, आणि बाजूला स्टीलची परात. काम करायची त्याची एक रीत होती. काढलेले बोल्ट तो परातीत ढीग घालून टाकत नसे. इंजिनात जिथे असतील त्याच जागी परातीतही ठेवायचा. वरचे वर, खालचे खाली, लांब बोल्ट डावीकडे. परात बघितली की काय कुठलं हे कळायचं. बाजूच्या वाटीत तेल होतं आणि तेलात हिरव्या रबराच्या बारीक रिंगा भिजत घातलेल्या होत्या. नळी जिथे कॉम्प्रेसरला जोडायची, तिथे गॅस निसटू नये म्हणून त्या बसवतात, एवढं मी फोनवर बघून शिकलो होतो. दादाने किती तयारी करून ठेवली होती, असं वाटून मी त्या वाटीसमोर बराच वेळ बसून राहिलो.

परातीवर धूळ नव्हती. दोन महिने उघड्या शेडमध्ये पडलेल्या परातीवर धूळ नाही, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. वहिनी झाडून झाल्यावर परातीपाशी बसली, एकेक बोल्ट उचलून पदराने पुसला आणि पुन्हा त्याच्या त्याच जागी ठेवला.

मी काम सुरू करायला निघालो की काहीतरी निघायचं. एकदा अमावास्या होती. एकदा तिने पान्यांचा डबा शेजारी देऊन टाकला होता. एकदा म्हणाली, शेडमध्ये आज नका जाऊ, मुंग्या निघाल्यात. मुंग्या नव्हत्या. तिसऱ्या वेळी मी तिच्याकडे बघत उभा राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "बसला की जातील ना ते?"

"कोण?"

"उगं विचारू नका, भाऊजी. काम राहिलंय म्हणून घुटमळायलेत. मला पान्याचा आवाज येतो दुपारचा. झालं की कशाला थांबतील?"

मला असं काही नसतं म्हणता आलं असतं. वर्गात म्हणालोही असतो. पण दुपारी जेवून पडलं की मलाही शेडच्या दिशेने बारीक, लोखंडावर लोखंड टेकल्यासारखा आवाज येत होता. पत्रा तापतो, वाजतो. मी स्वतःला तेच सांगत होतो.

मी म्हणालो, "शब्द दिलाय वहिनी."

"हाव. माहितेय मला," ती म्हणाली आणि पान्यांचा डबा शेजारून परत आणून दिला.

जुन्या कॉम्प्रेसरमधलं तेल मी उपडं करून निथळून घेतलं. जितकं निघेल तितकंच नव्यात असायला हवं. घरात दुसरं माप नव्हतं म्हणून खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजलं. त्या तेलाचा वास आला आणि मी टोपण खाली ठेवलं. जेवायला बसताना दादाच्या हाताला हा वास असायचा. कितीही साबण लावला तरी जायचा नाही, आणि मी लहानपणी त्याच्या शेजारी बसायला कुरकुर करायचो. नव्या कॉम्प्रेसरमध्ये तेल घालून त्याची पुढची चकती हाताने फिरवली. आत काहीतरी जड आणि गुळगुळीत हललं. नळ्या इतके दिवस नुसत्या पिशव्या बांधून राहिल्या होत्या म्हणून ओल शोषणारा ड्रायरही नवा आणला होता, तो बसवला. मग पोतं अंथरून गाडीखाली शिरलो.

तिथे वेगळंच जग होतं. नाकासमोर इंजिनाचं पोट, बाजूला उन्हाची एक पट्टी. चेसिसवर एके ठिकाणी ग्रीस लागलेले बोटांचे ठसे होते. तिथे आधार घेऊन तो बाहेर सरकत असणार. माझा हातही न बघता तिथेच गेला.

मी बोल्ट आवळत होतो. बाहेर वहिनीचे पाय आले आणि थांबले. कपबशी फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"चहा ठेवलाय," ती म्हणाली.

"हं," मी म्हणालो.

पाय हलले नाहीत. मलाही कळलं. गाडीखालून दादा असंच बोलायचा. जेवायला चला, पाहुणे आलेत, वीज गेली, सगळ्याला नुसतं एक "हं". आमचे आवाज सारखे आहेत हे लोक म्हणायचे, पण मी ते कधी स्वतः ऐकलं नव्हतं. पाना हातात धरून मी श्वास रोखला. काही बोललो असतो तर ते मोडलं असतं, आणि नाही बोललो तर काय होत होतं तेही मला सांगता येत नाही. बऱ्याच वेळाने तिने हळूच विचारलं, "साखर घालू का अजून?" दादाला चहा गोड लागायचा. मी बिनसाखरेचा पितो.

मी उत्तर दिलं नाही. पाय निघून गेले. त्या चहात भरपूर साखर होती.

नळ्या जोडताना मी वाटीतल्या रिंगाच घातल्या. नव्या कॉम्प्रेसरच्या खोक्यात एका पाकिटात दुसऱ्या रिंगा आल्या होत्या, त्या जास्तीच्या असतील म्हणून बाजूला ठेवल्या. दादाने स्वतः काढून तेलात घालून ठेवलेल्या असताना दुसऱ्या घालायचं माझ्या मनातही आलं नाही. पट्टा चढवला. बॅटरी पार उतरली होती, ती चार्ज करून आणली.

मग गॅसवाला आला. दादा त्याच्याच दुकानात गॅस काढून घ्यायला गेला होता. मोटरसायकलवर पंप आणि सिलिंडर बांधून आणलेले. त्याने आधी पंपाने सगळी हवा ओढून घेतली, पंप बंद केला आणि काट्याकडे बघत बसला. काटा हळूहळू चढायला लागला.

"कुठून तरी हवा आत घुसायलीय, सर," तो म्हणाला. "पुस्तकात बघून बसवला का?"

"मोबाइलवर बघून."

"तरीच." त्याने नळीच्या जोडावर बोट ठेवलं. "इथं असंल. खोलून बघा, मी दोन दिवसांनी येतो. आज गॅस भरला तर उडून जाईल."

त्या संध्याकाळी वहिनीने भरल्या वांग्याची भाजी केली. दादा गेल्यापासून स्वयंपाकघरात एवढे डबे उघडल्याचा आवाज मी ऐकला नव्हता. वाढताना ती बोलत होती. गाडी घेतली त्या वर्षी देगलूरला लग्नाला जाताना ह्यांनी रस्त्यात उगाच बॉनेट उघडून बघितलं आणि नव्या कपड्यांवर काळं लावून घेतलं, हे सांगताना ती हसली. मी जेवत होतो आणि मला कळत होतं की काटा चढला म्हणून ही हसते आहे. मला असंही वाटलं की जोड तसाच राहू द्यावा. सुट्टी संपेल, मी लातूरला जाईन, गाडीवर पुन्हा चादर पडेल.

तेवढ्यात चुलत्यांचा फोन आला. त्यांना मोठ्याने बोलायची सवय आहे, फोन कानाला लावला तरी सगळ्या घराला ऐकू जातं. "झालं का?" मी म्हणालो, बसवला, पण गळतो आहे.  चुलते म्हणाले, "किती दिस टांगून ठेवायलाव रे त्याला? धड इकडं न्हाई, धड तिकडं न्हाई."

वहिनी ताटं उचलत होती. तिने ती उचलली आणि आत गेली.

सकाळी मी उठलो तेव्हा ती शेडमध्ये होती. चादर घडी करून ठेवलेली, बॉनेट उघडं, आणि ती पोत्यावर बसून इंजिनाकडे बघत होती.

"ह्यांना उकाडा सोसत नव्हता," ती म्हणाली. "फाल्गुनातच पंखा लावायचे. एवढा उन्हाळा कुठंतरी बसून राहिले असतील तर काय हाल झाले असतील."

मी पाना घेतला. जोड खोलला. नळीच्या तोंडावरून रिंग काढून तळहातावर घेतली. ती चपटी झाली होती, एका बाजूला बारीक चीर होती. बऱ्याच वर्षांची वापरलेली रिंग. दादाने नळीवरून काढून, मापाची दुसरी आणायला म्हणून वाटीत टाकली असणार. त्याने तयारी करून ठेवलेली नव्हतीच.

"ही जुनी आहे, वहिनी."

"त्यांनीच ठेवली होती ना?"

"हो."

तिने माझ्या तळहातावरून रिंग उचलली, बोटांनी दाबून पाहिली. "मग काढायचीच," ती म्हणाली, आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. पाकिटातली नवी रिंग माझ्या बोटांतून दोनदा घसरून पडली. तिसऱ्यांदा तिने ती माझ्याकडून घेतली, तेलात बुडवली आणि स्वतः बसवली, दुसऱ्या नळीवरची रिंगही तिनेच बदलली. मी नुसते बोल्ट आवळले.

गॅसवाला आला तेव्हा काटा जागचा हलला नाही. त्याने गॅस वजन करून भरला, जोडांवर साबणाचं पाणी सोडून बघितलं. गाडी उतरणीवरून खाली घेतली होती. मी इंजीन चालू करून बटण दाबलं. आत खट्ट झालं आणि जाळ्यांतून आधी धुळीचा, कोंदट वास आला. मग हवा गार व्हायला लागली. गॅसवाला त्याचं सामान बांधून गेला.

वहिनी डावीकडच्या दाराने आत येऊन बसली. तिची तीच जागा होती. तिने जाळीपुढे हात धरला आणि काढून घेतला.

"आलं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "तुम्ही उतरा जरा, भाऊजी."

मी इंजीन चालू ठेवूनच उतरलो आणि दार लावलं. बाहेर ऊन अंगावर आलं. गाडीखाली फरशीवर एसीच्या पाण्याचे थेंब पडायला लागले होते. काचा बंद होत्या. आत वहिनी बोलत होती. ओठ दिसत होते, ऐकू येत नव्हतं. ती उजवीकडे वळून, चालवणाऱ्याच्या जागेकडे तोंड करून बोलत होती. मध्येच थांबायची, ऐकत असल्यासारखी, आणि मान हलवायची. एकदा तिने काहीतरी रागाने विचारलं आणि मग खाली बघत राहिली. मला वाटलं, कावळ्याचं विचारलं असेल.

मला तिथे उभं राहायचा अधिकार नव्हता. मी फाटकापाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. दुपार होती, गल्लीत कुणी नव्हतं. बराच वेळ मागे इंजिनाचा आवाज येत राहिला. मग तो बंद झाला. किल्ली उजवीकडे होती. तिने हात लांबवला असेल.

मी दार उघडल्याच्या आवाजाची वाट बघत राहिलो. वळून पाहिलं नाही. दार बराच वेळ उघडलं नाही.