संघमित्राचा प्रोफायलर आणि माझी मराठी नावं

मला लिहायची सवय नाही, आणि संघमित्राविषयी लिहायला तर मी अगदीच चुकीचा माणूस. तरी लिहितो, कारण तिच्याविषयी माझ्याइतका विचार दुसऱ्या कोणी केला नसावा.

ती वाकोल्याला राहते. वडील परभणीकडून आले, गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचे. घाटकोपरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर ती सांभाळते. आधी तो मी सांभाळायचो. आता सल्लागार म्हणून सकाळी जाऊन बसतो. सल्ला फारसा कोणी मागत नाही. पूर्वी प्रिंटर अडकला तरी मला हाक यायची. आता सगळे तिलाच बोलावतात. दुपारी ती डब्यातली ज्वारीची भाकरी माझ्यापुढे करते. मी खातो आणि मनात कुढतो.

माझी कामगिरी एकच. रिपोर्टवर पेशंटचं नाव मराठीत येतं, ते मी प्रोग्रामवाल्यांच्या मागे लागून करून घेतलं होतं. यंदा रिपोर्ट छापायला फार वेळ लागू लागला. खिडकीशी पेशंट भांडू लागले. लॅबच्या मालकीण डॉक्टर अक्षता म्हणाल्या, कारण सापडलं नाही तर मराठी नावं बंद करून बघू. मी मान खाली घातली. संघमित्रा मात्र म्हणाली, अंदाजाने काही बंद करायला नको, आधी प्रोफायलर लावते.

प्रोसेसरचा वेळ कुठल्या कामात जातोय, हे प्रोफायलर सतत टिपतो. पण तो आधी चालेचना. सर्व्हर ज्यावर चालतो ते लिनक्स अपडेट झालं होतं आणि तिने उतरवलेला प्रोफायलर त्याच्या जुन्या आवृत्तीचा होता. जुळणारा घातला, परवानगी दिली, तर कामांच्या नावांऐवजी नुसते आकडे दिसले. मला बरं वाटलं. घरी हे जरा रंगवून सांगितलं तर बायको म्हणाली, "कायतरी जळतासा वाटता. गॅस तर बंद आसा."

संघमित्राने प्रोग्रामवाल्यांकडून कामांच्या नावांची फाइल मागवली, सर्व्हरवर चढवली आणि प्रोफायलर पुन्हा सुरू केला. या वेळी नावं दिसली. सगळ्यांत वर, म्हणजे सर्वांत जास्त वेळ खाणारं, होतं ते मराठी नावांचं काम.

ती तडक अक्षता मॅडमकडे गेली. मी मागोमाग गेलो आणि दारातच थांबलो. तिने सांगितलं, की नावं जुन्या फॉन्टमध्ये साठवली आहेत. एक रिपोर्ट छापायचा तरी प्रोग्राम दर वेळी सगळ्या पेशंटची नावं आजच्या युनिकोडमध्ये बदलत बसतो.

"मग काढूनच टाक ना ती," मॅडम म्हणाल्या.

"नावांची चूक नाही, मॅडम. सगळी एकदाच बदलून ठेवते, म्हणजे झालं. आणि ते काकांचं काम आहे. मी कशाला काढू?"

तिने तसंच केलं. खिडकीपुढची गर्दी ओसरली. मॅडमनी तिला सर्वांसमोर शाबासकी दिली. मीही टाळ्या वाजवल्या, जरा उशिरा.

मराठी नावं राहिली. पण तीही तिच्यामुळे राहिली, हे मला अजून पचत नाही. आभार मानायचे ठरवून गेलो होतो, तेवढ्यात तिने डबा पुढे केला. भाकरीबरोबर लसणाची चटणी होती.

"कशी झालीय, काका?"

झकास झाली होती. मी म्हणालो, "ठीक आहे."