अक्काच्या गाडीचं मागचं दार

हे मी अजून कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही अक्काला ओळखत नाही. ओळखत असता तर जीभ रेटली नसती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धुळ्याला सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. नवरा लवकर गेला, मुलीला एकटीनं वाढवलं, आणि मला कॉलेजात घातलं तेही तिनंच. रिटायर झाली तशी जळगावला आली, मेहरूणला आमच्या मागच्या गल्लीत घर घेतलं, आणि सगळे हसत असताना गाडी शिकली. साठीला टेकलेली बाई! लहानशी पांढरी गाडी. सकाळी काचा खाली करून तलावाला एक चक्कर मारायची, मग दूध घेऊन घरी. त्या चकरेचा तिला किती आनंद होता, ते मला माहीत आहे. म्हणून तर—

पण आधी पहूरचं सांगतो.

थंडीचे दिवस होते. पहूरला एका मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. अक्काला असल्या पार्ट्यांचा राग, कारण तिथं पिणंही चालतं आणि पुन्हा पिणार नाही म्हणून मी एकदा तिच्यापुढं कान धरले होते. म्हणून मी तिला सांगितलं, मित्राचे वडील आजारी आहेत, बघून येतो, गाडी दे. तिनं दिली. वर डब्यात रुग्णाला चालेल अशी मुगाची खिचडी दिली. ती खिचडी आम्ही भरताबरोबर खाल्ली.

निघताना गाडी मागं घेतली आणि डावीकडचं मागचं दार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घासलं. घासलं कसलं, चेपलं. पत्रा आत गेला. काय करायला हवं होतं? घरी येऊन सांगायचं—अक्का, ठोकली. चार शिव्या खाल्ल्या असत्या, संपलं असतं. पण मग कुठं ठोकली, मळ्यात कशाला गेला होतास, हे सगळं निघालं असतं. मी तिला फोन केला की म्हाताऱ्याची तब्येत जास्त बिघडलीये, गाडी अजून लागेल. आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दार भरून घेतलं. लांबी म्हणतात त्याला, खड्डा बुजवायला पत्र्यावर चोपडतात तो राखाडी लगदा. वरून रंग मारला. अक्कानं गाडी परत घेतली, डबा धुऊन दिलाय म्हणून माझ्या बायकोचं कौतुक केलं. तिला काही दिसलं नाही.

इथवर तसं लहानच होतं. नाही का?

पुढं उन्हाळ्यात धुळ्याला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. अक्काच गाडी चालवत होती, मी शेजारी. कार्यालयाच्या आवारात तिनं व्यवस्थित गाडी लावली, आम्ही जेवायला बसलो आणि बाहेर धाडकन आवाज झाला. मांडवाचं सामान भरलेला टेम्पो मागं घेताना गाडीवर आला होता. नेमकं डावं मागचं दार. टेम्पोवाला बिचारा हात जोडून उभा, चूक माझीच म्हणत होता. शंभर माणसांनी पाहिलं. सगळे अक्काची समजूत घालत होते, विमा आहे, काळजी करू नका. मी मात्र खाली बघत होतो. दारातून राखाडी ढेकळं निखळून जमिनीवर पडली होती. मी ती बुटानं गाडीखाली सारली.

सर्व्हेअर आला—नुकसान किती ते ठरवणारा कंपनीचा माणूस. दाराकडं बघून म्हणाला, हे आधीच ठोकलेलं आहे, लांबी भरलेली आहे, एवढं वजा होईल. कंपनीनं निम्म्याहून कमी मंजूर केलं.

अक्काला पैशाचं वाटलं नाही. तिला लागलं ते वेगळंच. कंपनीच्या ऑफिसात सगळ्यांदेखत ती सर्व्हेअरला म्हणाली, "माझ्या गाडीला ओरखडा नव्हता. तुम्ही चोर आहात." तो माणूस तिच्या मुलीच्या वयाचा. मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, मी दिसलं ते लिहिलं." त्यानं खरं तेच लिहिलं होतं. आणि मी तिच्या खुर्चीमागं उभा राहून मान डोलावत होतो—अक्काच्या बाजूनं.

तिनं अर्ज केले, फोन केले, शेवटी ग्राहक आयोगात तक्रार लावली. प्रत्येक वेळी मी सोबत. दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, इतकी पुढं गेलीये, आता सांगितलं तर तिची काय शोभा होईल? बघा, मला तिच्या शोभेची काळजी होती म्हणे! वकील म्हणाले, गाडी कधी दुरुस्तीला गेली नव्हती असं कुणीतरी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं तर बरं. अक्का म्हणाली, "बापू सांगेल ना. त्याला बठ्ठं माहीत शे." मला सगळं माहीत होतं, हे खरंच. मी सही केली.

तक्रार फेटाळली गेली. फोटोत आतला भराव स्पष्ट दिसत होता. जुनं नुकसान लपवलं, असा ठपका अक्कावर आला. निकाल तिनं आयोगाच्या बाहेर, पायरीवर उभं राहून वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला. 

तुम्हाला वाटत असेल, कबुली द्यायची ती हीच. ती खोटी सही. नाही—अजून सांगायचंय.

काही दिवसांनी संध्याकाळी मी तिच्याकडं गेलो. ओट्यावर बसली होती, दिवा लावला नव्हता. तिनं इकडंतिकडं काही न बोलता एकदम विचारलं—घरातल्या बोलीत, आई बोलायची तशी—"बापू, मीच कोठे ठोकी दिन्ही व्हई का रे? आन मले याद नही?"

आयुष्यभर वॉर्डात हिच्या हातून एक गोळी इकडची तिकडं झाली नाही. ती बाई मला विचारत होती, माझी आठवण जातेय का. फोटो खोटे नाहीत, लांबी खोटी नाही, बापू तर खोटं बोलणार नाही. मग ठोकून, दार भरून घेऊन विसरणारं उरलं कोण? ती स्वतः. किती सरळ हिशोब होता तिचा.

त्या ओट्यावर आम्ही दोघंच होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी काय बोललो ठाऊक आहे?

मी म्हणालो, "असेल अक्का. होतं असं, वयानं."

सही भीतीनं केली, असं मी स्वतःला सांगू शकतो. हे वाक्य मात्र मी शांतपणे बोललो. हळू आवाजात, मायेनं. तिच्या खांद्यावर हातही ठेवला.

त्यानंतर तिनं गाडी चालवली नाही. कुणाचं लेकरू चाकाखाली यायचं आणि मला आठवायचंही नाही, म्हणाली. शिरपूरच्या कुणालातरी विकून टाकली. पुण्याहून तिची मुलगी, माझी भाची आली, अक्काला धुळ्याला डॉक्टरांकडं नेलं. मीही गेलो. डॉक्टरांनी बरंच काही विचारलं, तपासलं, म्हणाले, स्मरणशक्ती उत्तम आहे. बाहेर आल्यावर अक्का हसली. "पेशंटला असंच सांगायचं असतं," म्हणाली, "मीपण सांगायची." भाची माझ्याकडं बघून म्हणाली, मामा, तुम्ही आहात जवळ म्हणून बरं आहे.

तेव्हाही नाही बोललो. परतीला पारोळ्याला चहाला थांबलो, तेव्हाही नाही. आता काही वर्षं झाली. थकलोय म्हणावं तर थकायचा हक्क तिचा आहे, माझा नव्हे.

आता ती कुठं निघाली की मला बोलावते. लग्न असो, बँक असो. दाराला कुलूप लावते, ओढून बघते, पुन्हा ओढते. दोन पावलं जाते आणि थांबते.

"बापू, गॅस बंद कया ना मी?"

मी किल्ली घेतो, आत जातो, स्वयंपाकघरात बघतो, बाहेर येऊन सांगतो—बंद आहे, अक्का. तिचा जीव भांड्यात पडतो. माझा हात धरून ती पायऱ्या उतरते.

गॅस बंदच असतो. तिनं तो दर वेळी बंद केलेला असतो.